बेस गिटारची सॅम्पल आणि लूप लायब्ररी ध्वनिमुद्रित करणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहवादकांना वापरता यावी अशी बेस गिटारची लायब्ररी तयार करू पाहणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे एकच मुद्दा दोन ठिकाणी येतो, तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सर्व उत्तरांमागची भूमिका एक आहे : लायब्ररी वापरणारा वादक तुमच्यासमोर बसलेला नसतो आणि त्याचे गाणे कोणते असेल हे तुम्हाला ठाऊक नसते. म्हणून जे नंतर पुसता येत नाही ते ध्वनिमुद्रणात घालू नये, आणि जे नंतर मिळवता येत नाही ते मात्र ध्वनिमुद्रण करतानाच नीट मिळवावे.

१. सॅम्पल आणि लूप यांत नेमका फरक काय? दोन्ही एकाच लायब्ररीत ठेवावेत का?

सॅम्पल म्हणजे एकाच स्वराचे सुटे ध्वनिमुद्रण. असे अनेक स्वर कीबोर्डच्या पट्ट्यांवर मांडले की त्यांवर कोणतीही बेसलाइन वाजवता येते. लूप म्हणजे ठरावीक लयीत वाजवलेला एक, दोन किंवा चार बारचा (ठोक्यांच्या आवर्तनांचा) तुकडा, ज्याचा शेवट पुन्हा त्याच्याच सुरुवातीला बेमालूम जोडला जातो. दोन्ही एकत्र देणे उपयोगाचे आहे, पण ते एकाच वाद्यावर, त्याच तारांवर आणि त्याच जोडणीने वाजवलेले असावेत. तसे असेल तर वापरणाऱ्याला लूपमधला एखादा स्वर बदलून तेथे सॅम्पल बसवता येतो आणि सांधा ऐकू येत नाही.

२. माझ्याकडे एकच साधा बेस आहे. तेवढ्यावर लायब्ररी करण्यात अर्थ आहे का?

अर्थ आहे. वाद्य महाग आहे की नाही यापेक्षा ते नीट लावलेले आहे की नाही याला अधिक महत्त्व आहे : कोणत्याही फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) तार खरखरत नाही ना, बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर आणि तेथेच तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला हार्मोनिक एकाच सुरात आहेत ना, जॅकमधून करकर येत नाही ना, हे आधी पाहावे. वाद्यात सक्रिय (बॅटरीवर चालणारे) सर्किट असेल तर नवी बॅटरी घालावी. टोनची कळ पूर्ण उघडी ठेवावी, कारण वरच्या कंप्रता नंतर कमी करता येतात, पण जे मुद्रितच झाले नाही ते वाढवता येत नाही.

माहितीपत्रकात वाद्याचा प्रकार मात्र लिहावा. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आणि जॅझ बेस १९६० मध्ये आला. आजचे अनेक बेस या दोहोंपैकी एका आराखड्याच्या जवळ जातात, त्यामुळे तेवढ्या एका शब्दावरून वादकाला आवाजाचा पुष्कळसा अंदाज येतो.

३. नव्या तारा लावाव्यात की वापरलेल्या?

राउंडवाउंड (गोल तारेने गुंडाळलेल्या, खडबडीत) तारा अगदी नव्या असताना फार झगझगीत वाजतात आणि ती झळाळी सुरुवातीच्या काही तासांत वेगाने उतरते. ध्वनिमुद्रण अनेक बैठकांत होणार असेल तर पहिल्या आणि शेवटच्या बैठकीतले स्वर यामुळे वेगळे पडतात. म्हणून नव्या तारा लावून, त्या थोड्या वाजवून, स्थिरावल्यावर काम सुरू करावे आणि शक्य तितक्या लवकर संपवावे. फ्लॅटवाउंड (चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या, गुळगुळीत) तारांना ही अडचण जवळजवळ नसते. दोन्ही प्रकार द्यायचे असतील तर त्या दोन स्वतंत्र लायब्रऱ्या समजाव्यात.

४. बेस थेट इंटरफेसमध्ये (संगणकात ध्वनी नेणाऱ्या पेटीत) जोडावा की अँपसमोर मायक्रोफोन लावावा?

एकच गोष्ट करता येत असेल तर थेट जोडणी करावी. कोरड्या ध्वनीवर वापरणारा आपल्या पसंतीचा अँप लावू शकतो. अँपचा रंग एकदा मिसळला की तो वेगळा काढता येत नाही. निष्क्रिय (बॅटरीशिवायच्या) पिकअपला, म्हणजे तारांचे कंपन टिपणाऱ्या भागाला, उच्च प्रतिबाधेचे प्रवेशद्वार लागते, म्हणून वाद्यासाठी असलेले, साधारण १ मेगाओहमचे इनपुट किंवा डीआय बॉक्स (वाद्य थेट जोडण्याची पेटी) वापरावा. लाइन इनपुटमध्ये जोडल्यास आवाज मंद आणि बोथट येतो.

अँपचा ध्वनीही द्यायचा असेल तर त्याच वादनाचे ते दुसरे, स्वतंत्र ट्रॅक म्हणून मुद्रित करावे. येथे एक खाचखळगा आहे. ध्वनीला हवेतून सुमारे ३४ सेंटिमीटर जाण्यास १ मिलिसेकंद लागतो. म्हणजे मायक्रोफोन स्पीकरपासून तेवढा दूर असेल तर त्याचा ध्वनी थेट ध्वनीच्या १ मिलिसेकंद मागे, अर्थात ४८ किलोहर्ट्झ दराने ४८ सॅम्पल (येथे अर्थ सुटा स्वर नव्हे, तर सेकंदाला ४८,००० वेळा घेतलेले ध्वनीचे मोजमाप) मागे येतो. दोन्ही समान पातळीवर मिसळले की ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ आणि पुढे तशाच अंतराने कंप्रता एकमेकींना खाऊन टाकतात आणि बेस पोकळ वाटतो. म्हणून दोन्ही ट्रॅक आधीच जुळवून, पण वेगवेगळ्या फाइलींतच द्यावेत.

५. सॅम्पल रेट, बिट आणि पातळी किती ठेवावी?

४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट, मोनो. बेसला याहून जास्त दराचा व्यवहारात फारसा लाभ होत नाही आणि फाइली मात्र दुप्पट होतात. २४ बिटांची सैद्धांतिक व्याप्ती सुमारे १४४ डेसिबल आहे, त्यामुळे पातळी शेवटच्या टोकापर्यंत ताणण्याचे कारण नाही. सर्वांत जोरकस स्वराचे शिखर उणे ६ ते उणे १० डेसिबलच्या दरम्यान येईल अशी गेनची कळ लावावी आणि मग संपूर्ण काम होईपर्यंत तिला हात लावू नये. स्टिरिओ फाइलीत एकच मोनो ध्वनी दोनदा भरून देण्याची सवय दिसते. त्यातून आकार वाढतो, दुसरे काही साधत नाही.

६. ध्वनिमुद्रणात घरघर येते. ती नंतर फिल्टरने काढली तर चालणार नाही का?

बेसच्या बाबतीत नाही. विजेच्या पुरवठ्याची कंप्रता ५० किंवा ६० हर्ट्झ असते आणि ती बेसच्या स्वरांच्या ऐन मध्यात बसते. बेसच्या तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा असतात. मोकळ्या ए तारेच्या स्वराखालचा जी स्वर ४९ हर्ट्झचा आहे, त्याच्या पुढचा जी शार्प ५१.९ हर्ट्झचा. ६० हर्ट्झची घरघर ए शार्प आणि बी यांच्या मध्ये येते. शिवाय ५० हर्ट्झची पहिली दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झ, मोकळ्या जी तारेच्या ९८ हर्ट्झला अगदी खेटून असते. अरुंद फिल्टर लावला तरी शेजारच्या स्वरांचे मूळ अंग कापले जाते, आणि तेही काहींचे जास्त, काहींचे कमी, त्यामुळे लायब्ररीचा समतोल बिघडतो.

घरघर उगमापाशीच थांबवावी. सिंगल कॉइल (एकाच वेटोळ्याच्या) पिकअपचा बेस असेल तर बसण्याची दिशा थोडी थोडी फिरवून सर्वांत शांत कोन शोधावा. दोन पिकअप एकमेकांविरुद्ध गुंडाळलेले असतील तर दोन्ही समान आवाजावर ठेवल्यास घरघर बरीच रद्द होते. लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा, प्रकाश मंद करणारे दिवे बंद करावेत आणि ट्रान्सफॉर्मरपासून दूर बसावे. एका स्वरात क्षीण वाटणारी घरघर पुढे वापरणाऱ्याच्या कॉम्प्रेसरने (हलके आणि मोठे आवाज जवळ आणणाऱ्या साधनाने) वर उचलली जाते, हे लक्षात ठेवावे.

७. प्रत्येक फ्रेटवरचा स्वर मुद्रित करावा लागतो का? एकूण किती स्वर होतील?

चार तारा आणि वीस फ्रेट धरले तर मोकळ्या तारांसह ८४ जागा होतात. त्यांपैकी अनेक जागांवर स्वर तोच असतो. केवळ वेगवेगळे स्वर मोजले तर ते ३६ भरतात. परंतु मोकळ्या ए तारेवरचा ए आणि ई तारेच्या पाचव्या फ्रेटवरचा ए यांची कंप्रता समान असली, तरी दुसरा अधिक जाड आणि गडद वाजतो. लायब्ररीला वाद्यपण येते ते बऱ्याच अंशी या फरकातून.

एक सॅम्पल वरच्या-खालच्या एका अर्धस्वरापर्यंत ताणता येतो. प्रत्येक अर्धस्वराला वेग सुमारे ६ टक्क्यांनी बदलतो आणि तेवढा बदल कानाला खटकत नाही. म्हणून काही जण प्रत्येक तिसरा फ्रेट मुद्रित करतात. आमचे मत असे की, बाराव्या फ्रेटपर्यंत सर्व जागा प्रत्यक्ष वाजवाव्यात आणि त्यावरच्या स्वरांसाठी ताणण्याचा आधार घ्यावा, कारण बेसचे बहुतेक वादन त्या खालच्याच भागात होते. हा हिशेब ५२ जागांचा होतो. प्रत्येक जागेला जोराचे तीन थर आणि तीन पर्याय (प्रश्न ८ आणि ९ पाहा) घेतले तर ४६८ स्वर होतात. सरासरी ६ सेकंदांनी ते सुमारे ४७ मिनिटांचे ध्वनिमुद्रण होते आणि ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो अशा स्वरूपात साधारण ४०० मेगाबाइट जागा घेते. एका वादकाला पेलेल असे हे काम आहे.

८. जोराचे थर किती घ्यावेत आणि ते सारखे कसे राखावेत?

मिडीमध्ये (संगणक आणि वाद्ये यांच्यातील सूचनांच्या भाषेत) स्वराचा जोर १ ते १२७ या आकड्यांत येतो. शून्य म्हणजे स्वर थांबवणे. या पट्ट्यात तीन थर पुरतात : हलका, मध्यम आणि जोरकस. पाच थर कागदावर आकर्षक दिसतात, पण हाताने पाच वेगळे जोर शेकडो स्वरांवर सारखे राखणे अवघड असते, आणि डळमळीत पाच थरांपेक्षा पक्के तीन थर बरे.

थर म्हणजे आवाजाची पातळी नव्हे. जोराने छेडलेली तार फ्रेटवर आपटते, तिचा रंग बदलतो, आणि नेमका तो बदलच टिपायचा असतो. पातळीदर्शकावर प्रत्येक थरासाठी एक मर्यादा ठरवून घ्यावी, उदाहरणार्थ जोरकस थराचे शिखर उणे ८ च्या आसपास, मध्यमाचे उणे १५ आणि हलक्याचे उणे २४, आणि त्या मर्यादेबाहेर गेलेला स्वर लगेच पुन्हा वाजवावा. एक थर संपूर्ण मानेवर पुरा करूनच पुढचा थर सुरू करावा, कारण हाताला एका वेळी एकच जोर लक्षात राहतो. छेडण्याची जागाही बदलू नये. पिकअपच्या कडेला चिकटपट्टीची खूण केली तर बोटे तेथेच परततात.

९. तोच स्वर पुन्हा पुन्हा कशाला मुद्रित करायचा?

एकच सॅम्पल लागोपाठ वाजला की कान तो यंत्राचा आहे हे तत्काळ ओळखतो. म्हणून त्याच स्वराचे, त्याच जोराचे पर्याय घेतात आणि सॅम्पलर (सॅम्पल वाजवणारे सॉफ्टवेअर किंवा यंत्र) ते आळीपाळीने वाजवतो. यालाच राउंड रॉबिन म्हणतात. दोन पर्याय अपुरे ठरतात, कारण त्यांचा एकाआड एक क्रम ऐकू येतो. चार पर्याय असले तर चार ठोक्यांच्या बारमध्ये तोच पर्याय प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन पडतो. तीन किंवा पाच पर्याय घेतले की हा क्रम सरकत राहतो, म्हणून विषम संख्या घ्यावी.

बोटांनी वाजवताना तर्जनी आणि मध्यमा यांचा स्पर्श मुळातच वेगळा असतो. दोन्ही बोटे वापरून हे पर्याय घ्यावेत.

१०. स्वर किती वेळ वाजू द्यावा? त्यात लूप पॉइंट टाकावेत का?

मोकळी ई तार दहा सेकंदांहून अधिक काळ घुमते, परंतु गाण्यात एवढा लांब स्वर क्वचितच लागतो. खालच्या तारांना ८ सेकंद आणि वरच्या फ्रेटना ४ ते ५ सेकंद पुरतात. त्यानंतर हळूहळू आवाज उतरवावा.

लूप पॉइंट (स्वराचा मधला तुकडा पुन्हा पुन्हा वाजवण्याच्या खुणा) टाकून स्वर अनंत लांबवण्याची पद्धत बेसला मानवत नाही. ई तारेच्या एका कंपनाला सुमारे २४.३ मिलिसेकंद लागतात. लूपमध्ये अशी पूर्ण कंपने बसवता येतात, पण खऱ्या तारेचे वरचे हार्मोनिक (मूळ स्वरासोबत उमटणारे उपस्वर) खालच्यांपेक्षा आधी विरतात, आणि लूपमध्ये ते विरणे थांबल्यामुळे स्वर ऑर्गनसारखा गोठतो. त्यापेक्षा तार थांबवताना येणारा बोटाचा छोटासा आवाज वेगळा मुद्रित करून कळ सोडल्यावर वाजेल असा जोडावा. स्वराचा शेवट खरा वाटण्यास त्याची मोठी मदत होते.

११. ट्यूनर सूर बरोबर दाखवतो, तरी सॅम्पल बेसूर का वाटतात?

तार जोराने छेडली की तिचा ताण क्षणभर वाढतो, त्यामुळे स्वर सुरुवातीला किंचित चढा असतो आणि मग खाली स्थिरावतो. खालच्या तारांवर आणि जोरकस थरात हे स्पष्ट ऐकू येते. हलक्या हाताने छेडून लावलेला सूर जोरकस थराला म्हणूनच जुळत नाही. ज्या थराचे ध्वनिमुद्रण करायचे आहे त्याच जोराने छेडून, स्वर स्थिरावल्यानंतरचे वाचन धरून तार लावावी, आणि दर काही स्वरांनंतर पुन्हा तपासावी. फ्रेट दाबणाऱ्या बोटाचा वाजवीपेक्षा जास्त दाबही स्वर चढवतो.

उरलेला काही सेंटांचा (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) फरक सॅम्पलरच्या मांडणीत दुरुस्त करावा, मूळ फाइल ताणून नव्हे. मात्र प्रत्येक स्वर शून्य सेंटावर आणण्याचा हट्ट धरू नये. दोन-तीन सेंटांचा फरक वाद्याचाच असतो.

१२. एक स्वर वाजवताना इतर तारा घुमतात आणि काही जागी स्वर लवकर मरतो. काय करावे?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. इतर तारांचे घुमणे थांबवण्यासाठी न वाजणाऱ्या तारांत स्पंजचा तुकडा किंवा मऊ कापडाची पट्टी अडकवावी. खऱ्या वादनात ते घुमणे थोडेफार असते हे खरे, पण सॅम्पलमध्ये ते स्वरासोबत वेगवेगळ्या पट्टीत फिरते आणि गढूळपणा आणते.

स्वर लवकर मरणे हा मानेच्या कंपनाचा परिणाम असतो : एखाद्या कंप्रतेला मान स्वतःच कापू लागते आणि तारेची ऊर्जा शोषून घेते. अनेक बेसवर जी तारेच्या पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास अशी जागा सापडते. वाद्याच्या डोक्याला छोटा क्लँप लावून वजन वाढवले तर ती जागा थोडी सरकते, तेव्हा तेवढे स्वर क्लँप लावून घ्यावेत. अन्यथा तो स्वर डी तारेवरून घ्यावा आणि तसे माहितीपत्रकात नोंदवावे.

१३. बोटे, पिक, स्लॅप, स्लाइड : सगळे प्रकार द्यावेत का?

एक प्रकार पूर्ण झाल्याशिवाय दुसरा सुरू करू नये. बोटांचे वादन आधी पुरे करावे आणि त्यानंतर, बहुतेकांच्या अपेक्षेविरुद्ध, स्लॅपकडे (अंगठ्याने तार आपटण्याकडे) न वळता मेलेल्या स्वरांकडे, म्हणजे तार दाबून धरून काढलेल्या नुसत्या ‘ठक्’ आवाजांकडे वळावे. बेसलाइनला चाल देण्याचे काम तेच करतात. प्रत्येक तारेवर तीन-चार जागी, आणि प्रत्येक जागी पाच-सहा पर्याय घ्यावेत. स्लॅपचे दहा प्रकार असलेल्या पण मेलेले स्वर नसलेल्या लायब्ररीतून साधी बेसलाइनही जिवंत होत नाही.

स्लाइड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकणे) मोजक्याच द्याव्यात, कारण त्यांचा वेग गाण्याच्या लयीशी जुळावा लागतो. वादनप्रकार बदलण्यासाठी नेमलेल्या कीबोर्डच्या कळा वाद्याच्या स्वरपट्ट्याबाहेर ठेवाव्यात : चार तारांच्या बेसचा सर्वांत खालचा स्वर मिडी क्रमांक २८ आहे आणि पाच तारांच्या बेसचा २३, हे धरून त्यांची जागा ठरवावी.

१४. स्वराची सुरुवात कोठे कापावी?

आघाताच्या आधी बोट तारेला टेकल्याचा बारीक आवाज असतो. तो पूर्ण ठेवला तर कळ दाबल्यावर स्वर उशिरा येतो, आणि आघातावरच कापला तर टोक तुटल्यासारखे वाटते. आघाताच्या २ ते ५ मिलिसेकंद आधी कापून सुरुवातीला १ मिलिसेकंदाचा चढ द्यावा. अंतर कोणतेही धरले तरी ते सर्व फाइलींत सारखे हवे, नाहीतर वेगवेगळ्या स्वरांची लय डगमगते आणि त्याचे कारण वापरणाऱ्याला सापडत नाही.

१५. सर्व फाइली नॉर्मलाइझ करून द्याव्यात का?

एकेक फाइल वेगळी नॉर्मलाइझ करू नये, म्हणजे तिचे शिखर एका ठरावीक पातळीवर आणू नये. त्यामुळे हलका आणि जोरकस थर एकाच उंचीवर येतात आणि प्रश्न ८ मध्ये सांगितलेले सर्व श्रम वाया जातात. पातळी वाढवायची असेल तर संपूर्ण संचाला एकच आकडा लावून वाढवावी. कॉम्प्रेसर, इक्वलायझर आणि रिव्हर्ब यांनाही हाच न्याय लागू होतो.

१६. लूपची लांबी नेमकी कशी काढावी? जोडाच्या ठिकाणी ‘टक्’ असा आवाज येतो.

लांबी सेकंदांत काढण्यासाठी एकूण ठोक्यांना ६० ने गुणून लयीच्या आकड्याने (मिनिटाला किती ठोके) भागावे. चार ठोक्यांचे चार बार म्हणजे १६ ठोके. १२० च्या लयीत ते बरोबर ८ सेकंद, म्हणजे ४८ किलोहर्ट्झवर ३,८४,००० सॅम्पल होतात. १०० च्या लयीत ९.६ सेकंद, म्हणजे ४,६०,८०० सॅम्पल. ११० च्या लयीत मात्र ४,१८,९०९ आणि वर किंचित अपूर्णांक उरतो. तो सोडून दिला तरी चालते.

जोडावरचा आवाज बहुधा शेवटच्या स्वराची आस अचानक तुटल्यामुळे येतो. त्यावरचा सर्वांत सरळ उपाय असा की, तोच तुकडा न थांबता तीन वेळा वाजवावा आणि मधला कापून घ्यावा. मधल्या फेरीच्या सुरुवातीला आधीच्या फेरीची आस आपोआप आलेली असते, त्यामुळे तो तुकडा स्वतःला जोडला की वर्तुळ पूर्ण होते. त्यासोबत शेवटच्या स्वराची आस पूर्ण विरू दिलेली एक वेगळी फाइलही द्यावी, कारण गाणे कोठेतरी संपवावेही लागते.

१७. कोणत्या लयी आणि कोणत्या पट्ट्या निवडाव्यात?

वापरणारा लूप ताणणार हे गृहीत धरावे. लयीत दहा टक्क्यांपर्यंतचा बदल बेस बऱ्यापैकी सोसतो. ८०, ९५, ११५ आणि १४० अशा अंतराने लयी निवडल्या तर मधल्या लयींना फारसे ताणावे लागत नाही. मात्र एकच बेसलाइन सर्व लयींत वाजवू नये. ८० ला शोभणारी चाल १४० ला घाईची वाटते.

पट्टी बदलताना बेस लवकर बिघडतो. दोन अर्धस्वरांपलीकडे आघात चिखलासारखा होतो. म्हणून महत्त्वाच्या लूप निदान ई, ए आणि सी या पट्ट्यांत वाजवून द्याव्यात. ज्या लूपमध्ये फक्त मूळ स्वर, पंचम आणि वरचे सप्तक आहे त्या मेजर आणि मायनर दोन्हींना चालतात. त्यांचा वेगळा संच करावा, कारण प्रत्यक्षात सर्वाधिक वापर त्यांचाच होतो.

१८. वाजवलेल्या लूप ग्रिडवर घट्ट बसवाव्यात का?

ग्रिडवर, म्हणजे ठोक्यांच्या अचूक खुणांवर, पहिला ठोका बसवावा, बाकीचे वादकाच्या हातावर सोडावे. ठोक्याच्या किंचित मागे राहणारी चाल ही त्या लूपची ओळख असू शकते. ती पुसली तर प्रश्न १ मधली सुटी सॅम्पल तेच काम करतील. चाल स्विंगची (ठोक्याचे भाग असमान लांबीचे) आहे की सरळ, हे मात्र फाइलीच्या नावात आलेच पाहिजे.

१९. फाइली कोणत्या स्वरूपात द्याव्यात? एमपीथ्री चालेल का?

एमपीथ्री चालणार नाही. ध्वनीच्या दर्जाचा मुद्दा बाजूला ठेवला तरी, ते स्वरूप तयार होताना फाइलीच्या सुरुवातीला आणि शेवटाला रिकामी जागा भरली जाते, आणि लूप जोडावर अडखळते. वेव्ह स्वरूप द्यावे. डाउनलोड लहान हवे असेल तर फ्लॅक द्यावे, त्यात काहीही हरवत नाही. वेव्ह फाइलीत मूळ स्वर, लूप पॉइंट आणि लय यांची नोंद साठवता येते, ती भरावी.

कीबोर्डवरील मांडणीसाठी एसएफझेड हे स्वरूप सोयीचे आहे. ती साधी मजकुराची फाइल असते, कोणत्याही संपादकात उघडते आणि ती वाचणारे मोफत सॅम्पलर उपलब्ध आहेत. कॉन्टॅक्टसाठी (नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या सॅम्पलरसाठी) मांडणी करणार असाल तर एक मर्यादा आधीच सांगावी : ज्या लायब्रऱ्यांनी नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सकडून परवाना घेतलेला नाही, त्या मोफत कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये एका वेळी १५ मिनिटेच चालतात. त्यांना पूर्ण कॉन्टॅक्ट लागतो.

२०. माझे स्वर दुसऱ्याच्या सॅम्पलरमध्ये एक सप्तक वर किंवा खाली का जातात?

मिडी क्रमांक ६० ला काही कंपन्या सी ३ म्हणतात आणि काही सी ४. त्यातच बेसची स्वरलिपी प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक सप्तक वर लिहिण्याची प्रथा असल्याने गोंधळ वाढतो. म्हणून नावासोबत मिडी क्रमांक द्यावा. मोकळ्या तारा अशा : ई २८ (४१.२ हर्ट्झ), ए ३३ (५५ हर्ट्झ), डी ३८ (७३.४ हर्ट्झ), जी ४३ (९८ हर्ट्झ). क्रमांकाबद्दल वाद होत नाही.

२१. फाइलींना नावे कशी द्यावीत?

सॅम्पलसाठी वादनप्रकार, तार, फ्रेट, मिडी क्रमांक, थर आणि पर्याय हा क्रम ठेवावा. लूपसाठी लय, पट्टी, चाल आणि बारची संख्या. आकडे दोन किंवा तीन अंकी ठेवावेत, म्हणजे यादीत क्रम बिघडत नाही. शार्पचे चिन्ह आणि मोकळी जागा टाळावी, कारण काही प्रणालींत त्यांमुळे फाइल सापडत नाही. फाइलीची नावे रोमन लिपीत ठेवलेली सुरक्षित. लूपला काव्यमय नावे देण्याचा मोह होतो, परंतु रात्री उशिरा ९५ च्या लयीची बेसलाइन शोधणाऱ्याला त्यांचा उपयोग नसतो.

२२. सहवादकांना मोकळेपणाने वापरता यावी यासाठी कोणता परवाना द्यावा?

हेतू खरोखर मोकळ्या वापराचा असेल तर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या (तयार मोफत परवाने उपलब्ध करणाऱ्या संस्थेच्या) परवान्यांतला सीसी शून्य हा पर्याय सर्वांत सुटसुटीत आहे. त्यात श्रेय देण्याचीही अट नसते. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयाच्या परवान्यात वापरणाऱ्याने तुमचे नाव द्यायचे असते. ते रास्त आहे, पण एका गाण्यात दहा ठिकाणचे लूप असले की ती यादी सांभाळणे जड जाते. अव्यावसायिक अट मात्र विचार करूनच घालावी. जाहिराती दिसणाऱ्या व्हिडिओतले गाणे व्यावसायिक की अव्यावसायिक, या शंकेपोटी अनेक वादक तो संच उघडतही नाहीत. व्युत्पन्न (मूळ साहित्यावरून बनवलेल्या) कृतींना मनाई करणारा परवाना तर सॅम्पलच्या हेतूलाच छेद देतो.

बहुतेकांच्या मनात असते ते वेगळेच : संगीतात हवे तसे वापरा, पण सुटी सॅम्पल म्हणून पुन्हा विकू नका. हे तयार परवान्यांत नेमके बसत नाही, त्यामुळे ते दोन स्पष्ट वाक्यांत स्वतः लिहून फाइलींसोबत जोडावे. लायब्ररी जेथे ठेवणार तेथील नियमही पाहावेत. उदाहरणार्थ, बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात २००५ मध्ये सुरू झालेल्या फ्रीसाउंड या ध्वनींच्या संकेतस्थळावर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ठरावीक पर्यायांतूनच निवड करावी लागते.

२३. प्रसिद्ध गाण्याची बेसलाइन मी स्वतः वाजवली तर ती लूप म्हणून देता येईल का?

नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि रचनेचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतः वाजवल्याने ध्वनिमुद्रण तुमचे होते, रचना होत नाही, आणि अडचणीत येतो तो तुमच्यावर विश्वास ठेवून लूप वापरणारा वादक. मूळ स्वर आणि पंचम यांवर चालणारी सर्वसामान्य चाल देण्यास हरकत नाही. ओळखू येणारी सुरावट टाळावी.

दुसऱ्या आभासी (सॉफ्टवेअरमधल्या) बेसवरून सॅम्पल काढून ते आपल्या संचात घालणे त्या उत्पादनाच्या परवान्यात सहसा निषिद्ध असते. तालासाठी दुसऱ्याची ड्रम लूप लावून वाजवले असेल, तर तिचा आवाज हेडफोनमधून अँपसमोरच्या मायक्रोफोनमध्ये झिरपला नाही ना, हेही पाहावे.

२४. माझी लूप वापरणाऱ्याच्या व्हिडिओवर तिसऱ्याच कोणीतरी हक्क सांगितला. हे कसे होते?

कोणी तुमची लूप आपल्या गाण्यात जशीच्या तशी वापरतो आणि ते गाणे यूट्यूबच्या कंटेंट आयडी (नोंदवलेले ध्वनी इतर व्हिडिओंत ओळखणाऱ्या) यंत्रणेत नोंदवतो. मग तीच लूप असलेली इतरांची गाणी त्या नोंदीशी जुळतात. अनेकांना सारखाच परवाना दिलेले साहित्य अशा नोंदीत घालण्यास त्या यंत्रणेचे नियम मनाई करतात, पण वितरकाकडे गाणे सोपवताना हा रकाना न वाचताच भरला जातो. परवान्याच्या मजकुरात या मनाईचे एक वाक्य घालावे. लायब्ररी प्रसिद्ध केल्याची तारीख आणि मूळ फाइली जपून ठेवाव्यात, म्हणजे आक्षेप घेणाऱ्याला पुरावा देता येतो.

२५. आम्ही पाच-सहा बेसवादक मिळून लायब्ररी करत आहोत. एकसारखेपणा कसा राखावा?

सर्वांचे आवाज एकसारखे करण्याचा प्रयत्न करू नये. सारखी ठेवायची ती पद्धत : सॅम्पल रेट, थरांच्या मर्यादा, सुरुवात कापण्याचे अंतर आणि नावांचा क्रम. प्रत्येकाने आधी दहा सेकंदांची शांतता आणि चार मोकळ्या तारा एवढेच मुद्रित करून पाठवावे. त्यातून घरघर, पातळी आणि सूर यांचे दोष शेकडो स्वर वाजवण्याआधीच उघड होतात. एका प्रकारचे संपूर्ण वादन एकाच हाताचे असावे, दोन वादकांचे थर एकत्र विणू नयेत. आणि ठरलेल्या परवान्याला प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी. तोंडी ठरलेले पुढे एखादी लूप गाजली की आठवेनासे होते.

२६. पाच तारांच्या किंवा फ्रेट नसलेल्या बेससाठी काही वेगळे करावे लागते का?

खालच्या बी तारेची कंप्रता ३०.९ हर्ट्झ आहे. लहान स्पीकरवर ती ऐकू येत नाही, ऐकू येतात ते तिचे हार्मोनिक. म्हणून स्पीकरवर क्षीण वाटते या कारणाने तिचे खालचे अंग वाढवू नये. हेडफोनवर आणि पातळीदर्शकावर खात्री करावी. गडगडाट काढणारा फिल्टर लावायचाच असेल तर तो २० ते २५ हर्ट्झच्या वर नेऊ नये.

फ्रेट नसलेल्या बेसवर प्रत्येक स्वराचा सूर बोटावर ठरतो, आणि त्याची गोडी स्वराच्या आत होणाऱ्या सरकण्यात असते. तेथे कंप नसलेला आणि कंप असलेला असे दोन संच घ्यावेत, आणि एकही सॅम्पल ताणू नये : ताणल्याने कंपाचा वेगही बदलतो आणि शेजारच्या दोन स्वरांत तो फरक लगेच कळतो. प्रश्न ७ मधली काटकसर येथे लागू नाही.

२७. प्रसिद्ध केल्यानंतर चुका सापडल्या, किंवा लायब्ररी मागे घ्यावीशी वाटली, तर?

चुकलेली फाइल त्याच नावाने बदलू नये. जुने प्रकल्प उघडणाऱ्यांची गाणी त्यामुळे नकळत बदलतात. नवी आवृत्ती नव्या क्रमांकाने द्यावी, काय बदलले ते लिहावे आणि जुनी आवृत्ती उपलब्ध ठेवावी. लायब्ररी काढून टाकण्याचा अधिकार तुम्हाला असतो, पण क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने मागे घेता येत नाहीत : ज्यांनी त्या अटींवर फाइली आधीच घेतल्या आहेत, त्यांचा हक्क तसाच राहतो. स्वतः लिहिलेल्या परवान्यात याबाबत काहीच म्हटले नसेल तर वापरणारा अनिश्चित राहतो, म्हणून घेतलेल्या प्रतीवरचा हक्क कायम राहील की नाही, हे पहिल्याच आवृत्तीत लिहावे.